इम्प्लांट काढलं, आता पुढे?

नमस्कार श्रोतेहो.

आजचा विषय बहुतेक घरांत दबक्या आवाजात निघतो, म्हणून तो रेडिओवर जरा मोकळेपणाने बोलायचं ठरवलं आहे. स्तनांमध्ये बसवलेली इम्प्लांट, म्हणजे कृत्रिम पिशव्या, काढून टाकण्याचं ऑपरेशन झालं की पुढच्या आठवड्यांत आणि महिन्यांत काय काय होतं, ते आज सांगते. जिचं ऑपरेशन ठरलंय तिने ऐकावंच, पण तिच्या घरच्यांनीही रेडिओचा आवाज थोडा वाढवावा. पहिले आठ-दहा दिवस निभावतात ते त्यांच्याच जिवावर.

सिलिकॉन जेलचं पहिलं इम्प्लांट १९६२ साली अमेरिकेत ह्यूस्टन इथे बसवलं गेलं. तेव्हापासून इम्प्लांटच्या बनावटीत बरेच बदल झाले, पण एक गोष्ट बदललेली नाही: ती जन्मभर पुरणारी वस्तू नाही. कुणाचं फुटतं, कुणाच्या इम्प्लांटभोवतीचं आवरण आवळत जाऊन स्तन कडक होतो आणि दुखतो. कुणाला वय वाढल्यावर ते ओझं नकोसं होतं. २०१९ मध्ये खरखरीत पृष्ठभागाची बायोसेल इम्प्लांट जगभरातून परत मागवली गेली. त्यांचा संबंध लिम्फोमाच्या, म्हणजे लसिका पेशींच्या कर्करोगाच्या, एका दुर्मिळ प्रकाराशी आढळला होता. ती बातमी वाचून घाबरलेल्या बायका आजही विचारतात, की काही त्रास नसताना काढावं का? अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने, म्हणजे एफडीएने, तेव्हाच सांगितलं होतं की काही लक्षण नसेल तर केवळ भीतीपोटी काढायची गरज नाही. तपासण्या मात्र चुकवू नयेत.

आता मूळ विषय. इम्प्लांट आत गेलं की शरीर त्याच्याभोवती व्रणासारख्या ऊतीचं एक आवरण तयार करतं. डॉक्टर त्याला कॅप्सूल म्हणतात. ऑपरेशनमध्ये इम्प्लांटबरोबर हे आवरण पूर्ण काढायचं, थोडं काढायचं की तसंच ठेवायचं, हे प्रत्येकीचं वेगळं ठरतं. आवरण जाड झालं असेल, जेल बाहेर आलं असेल किंवा लिम्फोमाची शंका असेल, तर ते काढतात. पातळ आणि निरोगी असेल, तर बरगड्यांना चिकटलेला भाग ओरबाडून काढण्यात कधी कधी फायद्यापेक्षा धोका जास्त असतो. हे आधी विचारून घ्या, कारण नंतरचं दुखणं किती आणि नळ्या लागणार की नाही, हे बऱ्याच अंशी यावर अवलंबून असतं.

ऑपरेशन बहुधा पूर्ण भूल देऊन होतं. बहुतेक जणी त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी घरी जातात. शुद्धीवर आल्यावर छाती आवळल्यासारखी वाटते, घसा खवखवतो, मळमळतं. छातीवर घट्ट ब्रा किंवा पट्टा असतो, आणि बऱ्याच जणींच्या दोन्ही बाजूंना एकेक बारीक नळी, तिच्या टोकाला प्लॅस्टिकचा फुगा. ही नळी बघून घरचे जास्त घाबरतात. इम्प्लांट निघाल्यावर आत जी पोकळी राहते तिच्यात रक्त आणि पाणी साचू नये, एवढंच तिचं काम. पाणी पहिल्या दिवशी लालसर असतं, मग गुलाबी आणि पुढे पिवळसर होत जातं. ते दिवसातून दोनदा मोजून वहीत लिहायचं. चोवीस तासांत ते साधारण वीस-तीस मिलिलिटरच्या खाली आलं, की सर्जन नळी काढतात. काढताना क्षणभर विचित्र ओढल्यासारखं वाटतं, आणि लगेच संपतं.

दुखणं पहिले दोन-तीन दिवस सगळ्यात जास्त. इम्प्लांट स्नायूखाली असेल तर आणखी जास्त, कारण तो स्नायू बऱ्याचदा पुन्हा छातीला जोडावा लागतो. गोळ्या वेळच्या वेळी घ्याव्या, असह्य होईपर्यंत थांबू नये. तीव्र वेदनाशामकांनी पोट हमखास साफ होत नाही, म्हणून पाणी भरपूर प्यावं आणि त्यासाठीचं औषध आधीच विचारून ठेवावं. या गोष्टीवर कुणी बोलत नाही, पण चौथ्या दिवशी टाक्यांपेक्षा पोटाचीच तक्रार मोठी असते! झोपताना पाठीवर, उशा लावून थोडं उंच. हात खांद्याच्या वर न्यायचे नाहीत, म्हणजे वरच्या फळीवरचे डबे आठवडाभर आधीच खाली काढून ठेवा. जड उचलायचं नाही, आणि यात कडेवर येऊ पाहणारं मूलही आलं. त्याला बसलेल्या आईच्या मांडीवर कुणीतरी आणून द्यावं. पण अंथरुणाला खिळूनही राहू नका. घरातल्या घरात चालत राहिलं तर पायात रक्ताच्या गाठी होण्याचा धोका कमी होतो.

बैठं काम साधारण एक ते दोन आठवड्यांत सुरू करता येतं. व्यायाम आणि वजन उचलणं चार ते सहा आठवड्यांनी, तेही सर्जननं सांगितल्यावरच. गाडी चालवायची ती तीव्र वेदनाशामकं बंद झाल्यावर आणि अचानक चाक फिरवताना छातीत कळ येत नसेल तेव्हा. धूम्रपान करत असाल तर ऑपरेशनआधी काही आठवडे आणि नंतरही पूर्ण बंद. त्याने त्वचेचा रक्तपुरवठा कमी होतो आणि जखमेच्या कडा काळ्या पडू शकतात.

आता आरशाबद्दल. मला वाटतं, सगळ्यात कमी तयारी याचीच असते. पट्टी निघाल्यावर पहिल्यांदा जे दिसतं ते बऱ्याच जणींना रडवतं. स्तन चपटे, सुरकुतलेले, कुठे खळगा पडलेला, एक बाजू दुसरीपेक्षा जास्त सुजलेली, कातडी काळीनिळी. हे अंतिम रूप नाही. वर्षानुवर्षं ताणलेली त्वचा आवळायला आणि दाबलेली ऊती सैल व्हायला वेळ लागतो. ठळक सूज काही आठवड्यांत उतरते, पण आकार सुधारत राहतो तो तीन ते सहा महिने, काही जणींचा वर्षभर. किती सुधारेल हे वयावर, त्वचेच्या लवचिकतेवर, इम्प्लांटच्या आकारावर आणि ते किती वर्षं आत होतं यावर ठरतं. पूर्वीसारखं तंतोतंत होईल असं कुणी सांगत असेल, तर सावध व्हा. स्तन वर उचलून घेण्याचं किंवा स्वतःची चरबी भरण्याचं ऑपरेशन कधी त्याच वेळी करतात, कधी मुद्दाम काही महिने थांबून. घाई नसेल तर थांबण्यात शहाणपण आहे असं माझं मत. शरीर स्वतःहून किती सावरतं ते कळल्याशिवाय आणखी काय हवं हे कसं ठरवणार? आणि फोनवरचे ‘आधी’ आणि ‘नंतर’चे फोटो बघून स्वतःला मोजू नका. ते ‘नंतर’ किती महिन्यांनंतरचं, हे क्वचितच लिहिलेलं असतं.

कर्करोगामुळे स्तन काढून त्या जागी इम्प्लांट बसवलेल्या मैत्रिणींचं गणित वेगळं आहे. तिथे मूळची ऊती फारशी उरलेली नसते, त्यामुळे भरून येण्याची वाट बघण्यात अर्थ नाही. छाती सपाट आणि नीटस शिवून घेणं किंवा पोटाची, पाठीची ऊती वापरून पुनर्रचना करणं, हे दोन्ही मार्ग आधीच बोलून ठरवावेत. सपाट राहणं हीसुद्धा पूर्ण आणि सन्मानाची निवड आहे.

स्तनाग्र बधिर होणं, मुंग्या येणं, मध्येच वीज चमकावी तशी कळ जाणं, हे मज्जातंतू सावरत असल्याचं लक्षण असतं. ते काही महिने चालू शकतं. क्वचित बधिरपणा कायमचा राहतो, हेही सांगायला हवं. व्रण आधी लाल आणि उठलेले दिसतात, आणि फिके पडायला वर्ष-दीड वर्ष लागतं. त्यांना उन्हापासून जपा.

काही गोष्टींना मात्र सकाळपर्यंत थांबू नये. एकच बाजू अचानक फुगली, टणक झाली आणि ठणकू लागली, तर आत रक्त साचत असू शकतं. हे बहुधा पहिल्या एक-दोन दिवसांत होतं. ताप ३८ अंश सेल्सिअसच्या वर गेला, लाली पसरत चालली, जखमेतून पू किंवा दुर्गंधी आली, तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. पोटरी सुजून दुखू लागली, धाप लागली किंवा श्वास घेताना छातीत कळ आली, तर थेट रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात जा. काही दिवसांनी आत पाणी डुचमळल्यासारखं वाटलं, तर तेही दाखवा. बऱ्याचदा सुईने काढून काम भागतं.

आणखी एक प्रश्न टाके दाखवायला आल्यावर हमखास निघतो. सतत थकवा, सांधेदुखी, विसराळूपणा, केस गळणं अशा तक्रारींमुळे अनेक जणी इम्प्लांट काढतात. त्याला ‘ब्रेस्ट इम्प्लांट इलनेस’ म्हणतात. त्याची खात्रीशीर अशी रक्ततपासणी नाही. पण म्हणून त्या तक्रारी खोट्या ठरत नाहीत. काढल्यावर बरं वाटल्याचं बऱ्याच स्त्रिया सांगतात. काहींना फरक पडत नाही, आणि त्यामागे थायरॉइड, रक्तक्षय किंवा संधिवात निघतो. म्हणून ऑपरेशनआधी ह्या तपासण्या करून घ्याव्यात. नाहीतर खरा आजार तसाच राहतो आणि दोष इम्प्लांटवर जातो.

मनाचं काय? सुटल्यासारखं वाटणं आणि हळहळ, दोन्ही एकाच दिवशी येऊ शकतात. नवऱ्याने किंवा सासरच्यांनी, माहेरच्यांनी ‘तूच बसवून घेतलं होतंस ना’ हे वाक्य गिळून टाकावं. त्या वेळी तिला औषधाची वेळ सांगणारा आणि नळीचं पाणी मोजणारा माणूस हवा असतो. उदासी काही आठवडे हटली नाही, झोप-भूक गेली, तर समुपदेशकाकडे किंवा मनोविकारतज्ज्ञाकडे जावं.

शेवटी कागदपत्रं. काय काढलं, आवरण किती काढलं, ते तपासणीला पाठवलं का आणि त्याचा अहवाल काय आला, हे लेखी मागून घ्या. इम्प्लांटचं कार्डही फेकू नका. पुढे मॅमोग्राफीला, म्हणजे स्तनांच्या एक्स-रे तपासणीला, जाल तेव्हा हे ऑपरेशन झाल्याचं तिथे आधी सांगा. आतल्या व्रणामुळे किंवा चरबीच्या बारीक गाठींमुळे चित्र वेगळं दिसू शकतं, आणि माहीत नसेल तर नसती बायोप्सी मागे लागते. ऑपरेशननंतर पहिली मॅमोग्राफी किती महिन्यांनी करायची, हे टाके दाखवायला जाल त्याच दिवशी विचारून घ्या.

नमस्कार.