पाचवा स्क्रू

(पडद्यावर: फोंड्याजवळचं चिऱ्याचं घर, पागोळ्या. आत टेबलावर जुनं रिव्हॉल्व्हर.)

जून लागला की गोव्यात चपलांनाही बुरशी चढते, मग लोखंडाची काय कथा! या घरात पावसाळाभर एक काम चुकत नाही. रिव्हॉल्व्हर तेलाच्या फडक्यानं पुसायचं आणि चामड्याच्या म्यानात मात्र पुन्हा ठेवायचं नाही. चामडं ओल धरतं आणि झिलईवर गंजाचे ठिपके उमटतात.

घरधन्याला सगळे भाऊ म्हणतात. त्यांच्याकडे रिव्हॉल्व्हर एकच, वडिलांनी पोर्तुगीज अमदानीत घेतलेलं. शस्त्र कायद्यातल्या 2019 च्या दुरुस्तीनंतर सामान्य परवानाधारकाला दोनच बंदुका ठेवता येतात. त्याआधी तीन चालायच्या. त्यामुळे भाऊंचा संग्रह कपाटात नाही, वहीत आहे. हाताळायला मिळालेल्या प्रत्येक जुन्या रिव्हॉल्व्हरच्या खुणा तिच्यात उतरवलेल्या.

(जवळून: रिव्हॉल्व्हरची उजवी बाजू.)

हे स्मिथ अँड वेसन या अमेरिकी कंपनीचं के-22 मास्टरपीस. सहा इंची नळी, पॉइंट बावीसची काडतुसं, नेमबाजीसाठीच घडवलेलं. 1931 च्या सुमाराच्या के-22 आउटडोअर्समनचा हा युद्धानंतरचा वारसदार. 1957 मध्ये त्याला ‘मॉडेल 17’ हा आकडा मिळाला. नाव मास्टरपीसच राहिलं, आतलं-बाहेरचं मात्र बदलत गेलं. म्हणून नाव वाचून वय कळत नाही. स्क्रू मोजावे लागतात.

सुरुवातीला पाच होते. चार बाजूच्या झाकणावर, पाचवा ट्रिगरच्या कड्यापुढे. 1955 च्या सुमारास झाकणाचा वरचा गेला, 1961 च्या सुमारास कड्यापुढचाही. उरले तीन. यात नवखा हमखास फसतो, कारण झाकणाचा एक स्क्रू मुठीच्या लाकडाखाली दडलेला असतो. भाऊसुद्धा फसले होते. वर्षभर ते आपलं रिव्हॉल्व्हर चार स्क्रूंचं समजत होते! मूठ उतरवली तेव्हा पाचवा सापडला.

मग सिलिंडर, म्हणजे काडतुसांचं फिरतं चक्र, डावीकडे उघडायचं आणि त्याला धरणारा दांडा जिथं बसतो त्या खाचेत पाहायचं. 1957 नंतरचं असेल तर तिथं मॉडेलचा आकडा ठोकलेला दिसतो. भाऊंच्या रिव्हॉल्व्हरवर ती जागा कोरी आहे. पुढं 17-1, 17-2 अशी शेपटं लागली. 17-1 मध्ये काडतुसं बाहेर ढकलणाऱ्या दांड्याचे आटे उलटे केले होते. शेपूट एका आकड्याचं, पण त्यामागं कारखान्याचा एकेक निर्णय.

कोल्ट या दुसऱ्या कंपनीचं ऑफिसर्स मॉडेल ओळखायला एवढा खटाटोप नाही. त्याचा सिलिंडर उघडायचा खटका मागं ओढायचा, स्मिथचा पुढं ढकलायचा. चक्रंही उलट दिशांना फिरतात.

वहीचं एक पान अजून रिकामं आहे, के-32 साठी. आपल्याकडं परवान्यावर पॉइंट बत्तीसची चलती, पण या मापाचं मास्टरपीस, म्हणजे के-32, तिकडं अमेरिकेतही थोडंच बनलं. आणि परदेशी हत्यारांची आयात खाजगी माणसाला 1980 च्या दशकापासून बंद. म्हणजे इथं जे आहे ते जुनंच, आणि मोजकं.

झिलई पुन्हा चढवून घेण्याचा सल्ला भाऊंना अनेकांनी दिला. त्यांनी ऐकलं नाही, बरं झालं. घासताना कोरलेल्या अक्षरांच्या कडा गोल होतात आणि संग्राहकाच्या लेखी अर्धा जीव जातो.

(पडद्यावर: पोलीस ठाण्याची पायरी.)

निवडणुका आल्या की हत्यार ठाण्यात जमा करावं लागतं. हवालदार पावतीवर रिव्हॉल्व्हरवर कोरलेला नंबर लिहितो. नंबराआधीचा ‘के’ राहिला, तर भाऊ खिडकीसमोरून हलत नाहीत.