शिसं आणि माणसं

[दृश्य: गेटवेसमोरचं बंदर, दुपारची वेळ. बोयाला बांधलेली एक पांढरी शीडनौका.]

ही जे-24. नाळेपासून मागच्या फळीपर्यंत 24 फूट, म्हणजे सव्वासात मीटरांहून थोडी जास्त. आत चार जणांना आडवं होता येतं, पण ताठ उभं राहता येत नाही. बाहेरगावी जाऊन एखादी रात्र नौकेतच काढावी एवढी सोय हिच्यात आहे, आणि नाव मात्र झालं ते शर्यतीत. अशा नौकेला क्रूझर-रेसर म्हणतात. मुक्कामाची सोय आणि पळण्याची ताकद एकाच हलक्या सांगाड्यात बसवायची, तर कुठेतरी हात आखडावाच लागतो. या नौकेच्या रचनाकाराने तो वजनात आखडला.

रचनाकाराचं नाव रॉड जॉनस्टोन. अमेरिकेतल्या कनेटिकट राज्यात, स्टोनिंग्टन गावी, त्याने पहिली नौका घराच्या गॅरेजमध्येच बांधली आणि तिचं नाव ठेवलं ‘रॅगटाइम’. नौकेची रुंदी ठरवताना गॅरेजच्या भिंतींचाही विचार करावा लागला: ती जेमतेम नऊ फूट. 1977 पासून तिच्या प्रती कारखान्यात निघू लागल्या, आणि आजवर 5,000 हून जास्त निघाल्या. सगळ्या एकाच मापाच्या. त्यामुळे शर्यतीत नौका नौकेशी लढत नाही, खलाशी खलाशाशी लढतात.

[दृश्य: नौका क्रेनवर उचललेली. पाण्याखालचा भाग, कील जवळून.]

आता पाण्याखाली बघा. पोटाखाली उभी असलेली ही जाड फळी म्हणजे कील. नौकेचं एकूण वजन 1,406 किलो, त्यातलं 431 किलो शिसं या खालच्या भागात. वाऱ्याने नौका कलंडायला लागली की हे शिसं तिला परत उभं करतं. शिवाय नौका आडवी सरकू नये म्हणून पाण्याला अडवण्याचं कामही कीलच करते. ती नसती, तर वारा शिडाला ढकलत थेट किनाऱ्यावर नेऊन टाकता.

पण 431 किलो पुरत नाही. या नौकेचं मला सर्वांत महत्त्वाचं वाटणारं सत्य ते हेच. शर्यतीच्या नियमांत खलाशांच्या एकत्रित वजनाला 400 किलोंची मर्यादा आहे. म्हणजे पाच माणसं वाऱ्याकडच्या कडेवर येऊन बसली, की त्यांचं वजन जवळपास शिशाइतकंच भरतं. आणि शिसं मध्यरेषेवर, तर माणसं अगदी काठावर. रचनाकाराने माणसांना ओझं म्हणून धरलेलंच नाही. ती नौकेचाच एक भाग आहेत.

[दृश्य: वारा चढलेला. कडेवर ओळीने बसलेले खलाशी, पाय बाहेर.]

दुपारी बंदरात वायव्येचा खारा वारा भरतो. सकाळी जमिनीकडून येणारा मतलई वारा एव्हाना पडलेला असतो. मधल्या वेळात शिडं नुसती लोंबत राहतात, आणि मग पाण्यावर काळसर पट्टा सरकत येताना दिसतो. तो नौकेला भिडला की पुढचं मोठं शीड, जिनोआ, एका झटक्यात फुगतं. दोर ताणायच्या चरखीवरचा, विंचवरचा, दोर कुरकुरतो. कडेवरच्या माणसांच्या मांड्यांना डेकची कड रुतते, पण कुणी जागचं हलत नाही. पाठीमागून डोलकाठीला धरणारी तार ओढली, की डोलकाठी किंचित वाकते, मुख्य शिडाचं पोट सपाट होतं आणि कलंडलेली नौका पुन्हा सरळ होऊन पुढे निघते. सुकाणूच्या दांडीवर, टिलरवर, आलेला ताण हाताला लगेच हलका झालेला कळतो.

[दृश्य: नकाशा. गेटवे ते मांडवा.]

गेटवेवरून मांडवा सरळ रेषेत आठ सागरी मैलांच्या आत-बाहेर, दक्षिणेला, थोडं पूर्वेकडे झुकून. दुपारी तिकडे जायचं म्हणजे वारा पाठीशी. स्पिनेकर, म्हणजे वारा पाठीशी असताना लावायचं फुगीर शीड, उघडायचा आणि लाटेवर बसायचं. पाणी कापत जाणाऱ्या नौकेच्या वेगाला तिच्या पाण्यातल्या लांबीची मर्यादा असते. जे-24 ची ही लांबी 20 फूट, त्या हिशेबाने वेग साधारण सहा नॉट, म्हणजे ताशी सहा सागरी मैल. पण हिचं वजन कमी आणि मागचा तळ पसरट. त्यामुळे चांगली लाट मागून आली, की ती वर चढते, घसरते, आणि तो आकडा मागे टाकते. फार आनंदाचे क्षण असतात ते. मात्र टिलर धरणाऱ्याचं लक्ष जरा विचलित झालं, की नौका एकदम वाऱ्याकडे वळून आडवी होते. म्हणून आत पाणी शिरू नये यासाठी, वारा असताना कॉकपिटमधल्या, म्हणजे मागच्या बसायच्या खळग्यातल्या, कप्प्यांची झाकणं कडी लावून बंद. यात सूट नाही.

परत येणं वेगळं. आता वारा जवळजवळ तोंडावर. कुठलीही शीडनौका थेट वाऱ्यात शिरू शकत नाही; ही साधारण 45 अंशांचा कोन ठेवून जाते. मग नागमोडी यायचं: एक लांब टप्पा उत्तरेला, एक आखूड पश्चिमेला, वळायचं, शिडं पलटायची, माणसांनी सरपटत दुसऱ्या कडेला जायचं. त्यात उधाणाची ओहोटी उलटी लागली, तर गेटवे समोर दिसतो पण जवळ येत नाही.

अशा वेळी नौकेवर दोघंच असतील तर? कडेवर 400 किलोंऐवजी फार तर दीडशे. हा फरक शिडानेच भरून काढायचा. जिनोआ उतरवून पुढचं लहान शीड, जिब, लावायची, तेही वारा चढण्याआधी. वेग घटतो, पण नौका ताब्यात राहते. सहलीला निघालेल्यांनी शर्यतीची शिडं लावून नौकेला नावं ठेवू नयेत.

[दृश्य: ओहोटी. उघडा पडलेला चिखल.]

कील पाण्यात 1.22 मीटर उतरते. मोठ्या क्रूझर-रेसर दोन मीटर आणि त्याहूनही जास्त मागतात. मुंबईसारख्या उथळ, गाळाच्या बंदरात हा फरक फार मोलाचा आहे. आंग्र्यांच्या गलबतांनाही याच किनाऱ्यावर कमी खोलीचा फायदा मिळत होता: मोठी जहाजं जिथे येऊ धजत नसत, तिथे ती शिरत.

मग हीच नौका घेऊन दूर समुद्रात जावं का? माझं उत्तर स्पष्ट नाही असं आहे. 1979 मध्ये इंग्लंडहून निघणाऱ्या फास्टनेट या खुल्या समुद्रातल्या शर्यतीत वादळाने 15 खलाशांचा जीव घेतला. त्यानंतरच्या अभ्यासातून एक ढोबळ कसोटी आली. तीत रुंदी आणि वजन यांचा मेळ घालतात आणि दूरच्या समुद्रासाठी उत्तर दोनच्या खाली हवं असतं. जे-24 चं उत्तर येतं 2.4 च्या आसपास. खोल समुद्राची नौका कशी असते, हेही मुंबईनेच दाखवलंय. रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन यांची ‘सुहैली’ इथेच बांधली गेली. 32 फुटांची, सागवानी, जड, तळभर लांब कील. 1968-69 मध्ये 312 दिवस कुठेही न थांबता, एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा पहिल्यांदा पूर्ण झाली ती तिच्यावर. ही प्रदक्षिणाही एक शर्यतच होती, आणि तिला निघालेल्या नऊ जणांतले ते एकटेच पोहोचले. सुहैली संथ होती, पण माणूस झोपलेला असतानाही ती स्वतःला सांभाळायची. जे-24 वर तसं झोपता येणार नाही.

[दृश्य: मे महिना. नौका बाहेर काढताना.]

पावसाळ्याआधी नौका पाण्याबाहेर येतात. जुनी जे-24 घ्यायची असेल तर हीच वेळ बघण्याची. फायबरग्लासच्या दोन थरांमध्ये बाल्सा लाकूड असतं. एखाद्या सैल स्क्रूमधून पाणी आत झिरपलं, तर आपल्या दमट हवेत ते सुकत नाही, लाकूड कुजतं. लाकडी हातोडीने डेकवर सगळीकडे ठोकत जा. आवाज खणखणीत हवा. जिथे बद्द आवाज येईल तिथे खडूने खूण करा. मग खाली वाकून कील आणि तळ यांच्या सांध्यावर बोट फिरवा. तिथे केसाएवढी भेग लागली, तर कीलचे बोल्ट तपासल्याशिवाय पैसे देऊ नका.