भाचीचं एमबीए आणि दाजींची उधारीची वही

नमस्कार श्रोतेहो.

एमबीएच्या प्रवेश परीक्षेचा, सीईटीचा निकाल लागला त्या रात्री पारोळ्याहून ताईचा फोन आला. ताई मुद्द्याचं कधी आधी बोलत नाही. पाऊस झाला, कपाशीची लागवड झाली, कुणाकुणाची लग्नं झाली, आणि मग म्हणाली, "तुझी भाची एमबीए करायचं म्हणतेय. पुण्याचं एक खासगी विद्यापीठ मागे लागलंय, दिवसातून चार फोन येतात. तुझे दाजी म्हणतात, सरकारीच बरं. तू एवढी वर्षं कॉमर्स शिकवलंस, आता तूच सांग." मागून भाचीचा आवाज आला, "मामा, काय करानं मग?"

कॉमर्स शिकवलं हे खरं. पण आमच्या वेळी हा प्रश्न नव्हताच. खानदेशातली सगळी कॉलेजं तेव्हा पुणे विद्यापीठाखाली. एखाद्या दाखल्याचं काम निघालं की रात्रीच्या गाडीने पुणं गाठायचं. 15 ऑगस्ट 1990 ला जळगावला आपलं उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ झालं आणि ती वारी सुटली. 2018 पासून त्याला बहिणाबाईंचं नाव आहे. आसोद्याची ही बाई शाळेची पायरी चढली नाही, आणि आज तिच्या नावाने पदव्या मिळतात. मला याची फार गंमत वाटते, असो.

मी भाचीला म्हटलं, फोनवर काही ठरत नसतं, बघून येऊ. महाराष्ट्र एक्सप्रेस पकडली आणि मामा-भाची पुण्याला निघालो.

आधी खासगी विद्यापीठ. नाव सांगत नाही. काचेची इमारत, आत एसी, बसल्या बसल्या कॉफी. भिंतीवर मुलामुलींचे हसरे फोटो आणि प्रत्येकाखाली पॅकेजचा आकडा. समोरच्या मॅडम भराभर बोलत होत्या. मी विचारलं, "सरासरी कळली. मध्यक किती?" त्यांनी आतून एका सरांना बोलावलं. सरांनी पुन्हा सरासरीच सांगितली.

श्रोतेहो, हा मध्यक काय, ते सांगतो, कारण सगळी मेख तिथेच आहे. समजा वर्गात दहा मुलं आहेत. नऊ जणांना वर्षाला 3 लाखांची नोकरी लागली आणि एकाला 30 लाखांची. सरासरी येते 5 लाख 70 हजार. पण दहापैकी एकाच्याही हातात 5 लाख 70 हजार पडत नाहीत! पगार चढत्या क्रमाने लावले आणि मधला उचलला, तर तो 3 लाख निघतो. हा मधला आकडा म्हणजे मध्यक. तुमच्या-आमच्या पोरांना बहुतेक तोच मिळणार असतो. केंद्र सरकारची एनआयआरएफ नावाची क्रमवारी 2016 पासून निघते. तिच्यात भाग घेणाऱ्या संस्थेला हा मध्यक, किती मुलं पास झाली आणि कितींना नोकरी लागली, हे सगळं भरून द्यावं लागतं आणि स्वतःच्या वेबसाइटवरही ठेवावं लागतं. ते पान उघडा. फोटोंची भिंत नंतर बघा. आणि पॅकेज म्हणजे पगार नव्हे. त्यात कंपनीच्या वाट्याचा पीएफ असतो, ग्रॅच्युइटी असते, 'काम दाखवलं तर मिळेल' असाही एक तुकडा असतो. 6 लाखांचं पॅकेज म्हणून महिन्याला 50 हजार घरी येतील अशी आशा धरू नका.

पण आता त्या विद्यापीठाची खरी बाजू सांगतो, नाहीतर अन्याय होईल. मी म्हटलं, वर्गात बसू द्या. त्यांनी बसू दिलं. मोजून 38 मुलं. शिकवणारे गृहस्थ पंधरा-वीस वर्षं कंपनीत काढून आलेले, प्रत्येकाला नावाने हाक मारत होते. विषय चालला होता उधारीचा, माल आधी द्यायचा आणि पैसे मागून घ्यायचे त्याचा. त्यांनी मागच्या बाकावरच्या पाहुणीलाही विचारलं, "तुमच्याकडे कसं चालतं?"

आमची भाची बीकॉमला शंभर-सव्वाशेच्या वर्गात तीन वर्षं बसली. तीन वर्षांत एकदाही तोंड उघडलं नाही. घरात अहिराणी, वर्गात पुस्तकी मराठी, पुस्तकात इंग्रजी. अशी पोर गप्पच बसते. तिथे मात्र ती बोलली. दाजींचं कृषी केंद्र आहे. शेतकरी जूनमध्ये बियाणं-खत उचलतो आणि पहिल्या वेचणीचा कापूस विकला की हिशोब चुकता करतो. कुणाचं नाव वहीत लाल शाईने लिहायचं, कुणाला मागणी करायची नाही कारण तो स्वतःहून येतो, कुणाच्या घरी यंदा लग्न आहे म्हणून त्याला माल कमी द्यायचा, हे सगळं तिने मराठीत, मध्येच अहिराणीत सांगितलं. वर्ग ऐकत होता. त्या सरांनी फळ्यावर एक रेघ ओढली आणि जूनपासून डिसेंबरपर्यंत दाजींचा किती पैसा अडकतो, त्यावर बँकेचं व्याज धरलं तर काय पडतं, ते मांडलं. भाची बाहेर आली तेव्हा तिचा चेहरा निराळाच होता. मला म्हणाली, "मामा, पप्पांना हे कुणी कधी सांगितलंच नाही."

लहान वर्गाचं मोल हे असं आहे. त्याला कमी लेखू नका, विशेषतः गावाकडच्या बुजऱ्या पोरांसाठी.

परत निघताना मॅडम म्हणाल्या, जागा धरून ठेवायची तर आजच 25 हजार भरा आणि मूळ गुणपत्रिका जमा करा. मी गुणपत्रिका पिशवीतून काढलीच नाही. यूजीसीचा, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाचा, 2018 चा नियम आहे, संस्थेला मूळ कागद अडकवून ठेवता येत नाहीत. फी परत करण्याचाही तक्ता आहे. प्रवेशाच्या जाहीर झालेल्या शेवटच्या तारखेच्या 15 दिवस आधी प्रवेश सोडला तर जास्तीत जास्त 5 हजार कापून बाकी सगळी फी परत. उशीर होईल तसं 90, 80, 50 टक्के, आणि ती तारीख उलटून 30 दिवस झाले की काही नाही. हे म्हटल्यावर मॅडमचा आवाज जरा खाली आला.

दुसऱ्या दिवशी एका सरकारी विद्यापीठाचा विभाग बघितला. जुनी दगडी इमारत, पंखे कुरकुरणारे. कॉफी सोडा, पाणीही शोधावं लागलं. एक शिक्षक भेटले, तासिका तत्त्वावरचे. कायम पदं बरीच रिकामी, म्हणाले. पण अभ्यासिका भरलेली होती. बीडची, चंद्रपूरची, कोल्हापूरची मुलं. सीईटीत घासून वर आलेली, खिशात पैसे नाहीत, पण डोकी तेज. यांच्यात दोन वर्षं राहिलं तर शिक्षकांशिवायही बरंच शिकून होतं. तिथलेच आधीचे विद्यार्थी आज बँकांत, कारखान्यांत, सरकारी खात्यांत वरच्या खुर्च्यांवर आहेत. फोन केला तर उचलतात. नवीन खासगी विद्यापीठाच्या किती बॅचेस बाहेर पडल्या, हे विचारून घ्या. चारच असतील तर उचलायला माणसंच किती असणार?

आणि मोठं विद्यापीठ म्हणजे मोठा वर्ग, असंही नसतं. मुंबई विद्यापीठ केवढं अवाढव्य, पण त्याचीच जमनालाल बजाज व्यवस्थापन संस्था 1965 पासून आहे आणि तिच्या एका जागेसाठी मुलं जिवाचं रान करतात. विद्यापीठ मोठं असलं तरी बसायचं असतं एका खोलीत. ती खोली केवढी, तिथे कोण शिकवतं आणि शेजारच्या बाकावर कोण बसतं, ते बघायचं.

आता पैशाचं. इथे बरेच लोक फसतात, कारण 'खासगी कॉलेज' आणि 'खासगी विद्यापीठ' हे त्यांना एकच वाटतं. खासगी कॉलेज आपल्या सरकारी विद्यापीठाला संलग्न असू शकतं. त्याची फी शुल्क नियामक प्राधिकरण ठरवतं आणि कॅपमधून, म्हणजे राज्याच्या केंद्रीभूत प्रवेश फेऱ्यांमधून, प्रवेश घेतला तर शिष्यवृत्ती लागू होते. खासगी विद्यापीठ आणि अभिमत विद्यापीठ या योजनांच्या बाहेर. 8 जुलै 2024 चा शासन निर्णय मुलींच्या आईवडिलांनी लक्षात ठेवावा: घरचं उत्पन्न 8 लाखांच्या आत असेल, तर इतर मागास, सामाजिक-शैक्षणिक मागास आणि आर्थिक दुर्बल घटकांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमाची शिक्षण फी आणि परीक्षा फी पूर्ण माफ. पण प्रवेश कॅपमधूनच हवा. व्यवस्थापन कोट्यातून गेलात की संपलं.

दुसऱ्या बाजूला कर्ज. समजा 10 लाख काढले, 10 टक्क्यांनी, 10 वर्षांसाठी. महिन्याचा हप्ता 13,215 रुपये. एकूण 15 लाख 85 हजारांवर जातं, तेही शिकतानाचं व्याज वेळच्या वेळी भरलं तर. पाच वर्षांत फेडायचं म्हटलं तर हप्ता 21,247. ज्याला पुण्या-मुंबईत नोकरीच करायची आहे आणि मध्यक चांगला आहे, त्याने हे ओझं जरूर उचलावं. पण जो शिकून घरच्या धंद्यात परतणार, त्याच्यासाठी हा डोक्यावरचा धोंडा आहे. तेवढ्या पैशात रावेरला केळीचं गोदाम भाड्याने घेऊन माल भरता येतो. माझ्या एका विद्यार्थिनीने इथेच, जळगावला शिकत असताना प्रकल्प केला होता. पहाटे वजनकाट्याजवळ उभी राहून नवती, पिलबाग आणि वापसी या केळीच्या प्रकारांच्या भावांतलं अंतर तिने महिनाभर लिहून ठेवलं. आज ती स्वतः केळीचा व्यापार करते. तिची पदवी कुठली, हे एकाही व्यापाऱ्याने तिला विचारलेलं नाही.

बारावीनंतर बीबीए-बीएमएस करणाऱ्यांसाठी एक ओळ. 2024 पासून या अभ्यासक्रमांना एआयसीटीईची, म्हणजे केंद्राच्या तंत्रशिक्षण परिषदेची, मान्यता लागते आणि राज्यात सीईटीही द्यावी लागते. काही कॉलेजांनी अभ्यासक्रमाचं नाव बदलून ही सीईटी टाळली. म्हणून पदवीवर नेमकं काय छापून येणार, ते प्रवेशाआधी लेखी घ्या.

भाचीने शेवटी कॅपचा पर्याय अर्ज भरला. पहिल्या पाचात चार सरकारी आणि संलग्न, एक जळगावचं. ते खासगी विद्यापीठ तिने सोडलं, पण सोडताना हळहळली. मीही हळहळलो, खोटं कशाला बोलू? त्या 38 जणांच्या वर्गासारखा वर्ग तिला दुसरीकडे मिळेलच असं नाही. मी तिला एवढंच म्हटलं, जिथे जाशील तिथे पहिल्या आठवड्यात हात वर कर, उधारीचं सांग.

दाजींनी आपली वही तिला झेरॉक्स काढायला दिली आहे. नावं खोडून, बरं का.

आणि ताई, ऐकत असशील तर, उत्पन्नाचा दाखला आणि नॉन-क्रिमीलेअर अजून तहसीलला अडकलंय. सोमवारी गर्दी होईल. मंगळवारी सकाळीच दाजींना पाठव.

नमस्कार.