भिंतीच्या मागे काय आहे ते आधी बघा

नमस्कार मंडळी. फोंड्यात आज सकाळपासून एवढा पाऊस आणि तरी तुम्ही आलात, त्याबद्दल खरंच आभार. मला गाडीत धरायच्या हँडरेल आणि त्यासाठी लागणारे पार्ट घरी बनवणे यावर बोलायला सांगितलंय, पण मी सुरुवात आईपासून करतो, कारण हे सगळं तिच्यामुळेच सुरू झालं.

माझ्याकडे जुना टेम्पो ट्रॅव्हलर आहे, सीट काढून आत बेड, छोटं किचन आणि एक माणूस जेमतेम मावेल एवढं बाथरूम केलंय. हल्ली याला सगळे आरव्हीच म्हणतात. आई ७८ वर्षांची, गुडघे दुखतात पण फिरायची हौस दांडगी. दोन वर्षांपूर्वी चोर्ला घाट चढून वर गेलो, चहासाठी थांबलो, आई बाथरूममध्ये गेली आणि उठताना तिने टॉवेलचा रॉड धरला. रॉड स्क्रूसकट हातात आला. मनगट सुजलं, हाड वाचलं. तो रॉड मीच लावला होता, साध्या प्लायमध्ये पाऊण इंची स्क्रू मारून, आणि टॉवेलसाठी तो अगदी बरोबर होता.

पण बघा, पणजी-बेती फेरीबोटीत बोट धक्क्याला टेकताना आपला हात कुठे जातो? डोकं विचार करायच्या आत छातीच्या उंचीला जे सापडेल त्याला जातो. म्हणून गाडीत हाताच्या टप्प्यात जे जे काही आहे ते सगळं हँडरेलच समजायचं, टॉवेल रॉड, पडद्याची दांडी, कपाटाची मूठ, सगळं. एकतर ते माणसाचं वजन घेईल असं करायचं, नाहीतर तिथून काढून टाकायचं.

आता वजन म्हणजे किती. माणूस ६० किलोचा असला तरी अचानक भार पडला की जागेवर टांगलेल्या वजनाच्या दुप्पट जोर लागतो, आणि झोकांडी जाऊन पडला तर त्याहून जास्त. अमेरिकेत अपंगांसाठीच्या बांधकाम नियमात ग्रॅब बारला, म्हणजे आधारासाठी धरायच्या दांडीला, २५० पौंड म्हणजे साधारण ११३ किलो भार झेपला पाहिजे असं लिहिलंय, मी घरी तोच आकडा धरतो. पाइप एवढं सहज घेतो हो, पाइप कधी मोडत नाही, उपटते ती भिंत.

गाडीची आतली भिंत म्हणजे पातळ प्लाय, मागे फोम किंवा ग्लासवूल, मग बाहेरचा पत्रा. प्लायला मारलेला स्क्रू रस्त्याच्या थरथरीने सहा महिन्यांत ढिला होतो. म्हणून आधी बरगड्या, म्हणजे बॉडीच्या लोखंडी पट्ट्या, शोधायच्या, चांगला जड मॅग्नेट प्लायवरून हळूहळू फिरवायचा, जिथे ओढतो तिथे मागे लोखंड आहे, पेन्सिलने खूण करायची. रेल बरोबर बरगडीवर येत असेल तर एम ८ चे रिव्हनट, म्हणजे पत्र्याच्या भोकात एका बाजूनेच बसवायचे आटेवाले नट, बसतात, पण बहुतेक वेळा येत नाही, कारण आईचा हात जिथे जातो तिथे गाडी बनवणाऱ्याने बरगडी ठेवलेली नसते. मग मी प्लाय काढतो, दोन बरगड्यांच्या मध्ये ४० बाय ५ मिलिमीटरची एमएस, म्हणजे साध्या लोखंडाची, पट्टी आडवी बोल्टने पकडतो, झिंक प्रायमर मारतो, प्लाय परत लावतो आणि रेलचे बोल्ट थेट त्या पट्टीतून आरपार, मागे नायलॉक नट, म्हणजे आत नायलॉनची कडी असलेला, थरथरीने सहज न सुटणारा नट. ड्रिल मारायच्या आधी वायरिंग कुठून जातं ते बघा, सीटबेल्टच्या अँकरच्या जवळपास भोक पाडू नका, आणि वेल्डिंग काय करायचं ते गाडीच्या बाहेर. आत फोम असताना एक ठिणगी पुरते.

मटेरियलबद्दल थोडं जास्त बोलतो, कारण आपल्याकडे खारी हवा आहे. दुकानात स्टील मागितलं की बऱ्याचदा २०२ ग्रेड देतात, चमकतं छान, पण त्यात निकेल कमी आणि मँगनीज जास्त, एका पावसाळ्यात तांबूस डाग यायला लागतात. लोक मॅग्नेट लावून बघतात, चिकटला नाही म्हणजे चांगलं ३०४ ग्रेड, तर तसं नाही, २०२ लाही मॅग्नेट सहसा चिकटत नाही. बिलावर ग्रेड लिहून घ्या. समुद्राजवळ राहत असाल, कळंगुट-मोरजी बाजूला, तर ३१६ घ्या, त्यात मॉलिब्डेनम असतं म्हणून ते मिठाला जास्त टिकतं. आर्गन वेल्डिंगनंतर जोडाजवळ जो निळा-तपकिरी रंग येतो तो पिकलिंग पेस्टने, म्हणजे स्टील साफ करायच्या ॲसिडच्या लेपाने, काढायचाच, गंज तिथूनच सुरू होतो. आणि स्टीलचा बोल्ट ॲल्युमिनियमला थेट लावू नका, मधे नायलॉनचा वॉशर, नाहीतर पांढरी भुकटी पडून ॲल्युमिनियम खात जातं.

पाइप मी ३२ मिलिमीटरचा घेतो. लठ्ठ पाइप दणकट दिसतो पण म्हाताऱ्या हाताची पकड त्याच्यावर बसत नाही, अंगठा आणि बोट जवळजवळ भेटली पाहिजेत. भिंतीपासून ३८ मिलिमीटर मोकळं ठेवा, त्याहून फार जास्त नको, घसरलेला हात कोपरापर्यंत आत अडकतो. टोकं भिंतीकडे वळवून घ्या म्हणजे ओढणी, पिशवी अडकत नाही. उंचीचं माप पुस्तकातून घेऊ नका, माणसाला चप्पल घालून उभं करा, हात सैल सोडायला सांगा, मनगटाची घडी येते तिथे आडवी रेल. दाराला उभी रेल, आणि ती अगदी खालपासून सुरू झाली पाहिजे, कारण चढण्यापेक्षा उतरताना जास्त भीती असते आणि त्यावेळी माणूस खाली पायरीवर असतो, हात वर पोचत नाही.

आता कस्टम पार्ट. गाडीची भिंत कुठेच सपाट नसते, त्यामुळे रेलचा तळ एका बाजूने उचललेला राहतो आणि सगळा जोर एकाच बोल्टवर येतो. त्यासाठी पाचर लागते आणि ती बाजारात मिळत नाही. मी जाड खोक्याचा पुठ्ठा भिंतीला धरतो, वॉशरच्या भोकात पेन्सिलचं टोक घालून तो वॉशर भिंतीच्या कडेने फिरवतो, भिंतीचं वळण जसंच्या तसं पुठ्ठ्यावर उतरतं. मग भाजी कापायचा जाड एचडीपीई प्लास्टिकचा बोर्ड त्या आकारात कापून घ्यायचा, जिगसॉने आरामात कापला जातो, पाण्याने कुजत नाही.

थ्रीडी प्रिंटरचं विचारणार आहात, माहीत आहे. माझ्या भाच्याकडे आहे, स्विचचे कव्हर, पाइपच्या क्लिपा, ड्रिल नेमक्या जागी धरायची जिग असं बरंच आम्ही काढलं. पण पीएलए, म्हणजे प्रिंटरचं नेहमीचं प्लास्टिक, ६० अंशाच्या आसपास मऊ पडतं आणि मे महिन्यात बंद गाडीत काचेजवळ तेवढं तापतं, आमची मोबाइल ठेवायची क्लिप दुपारभरात वाकली. एएसए नावाचं दुसरं प्लास्टिक उन्हाला टिकतं, ते वापरा. तरीही माणसाचं वजन येणारा ब्रॅकेट प्रिंट करू नका, थरांच्या जोडावर तो सरळ तुटतो.

दोन गोष्टी राहिल्या. गाडीत मोठा बदल करणार असाल तर मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ खाली आरटीओची परवानगी लागते, ते आधी करा. आणि रेल ही थांबलेल्या गाडीसाठी, चालत्या गाडीत सगळे बेल्ट लावून बसलेले पाहिजेत, रेल आहे म्हणून कुणी उठून चहा करायला जायचं नाही.

नट घट्ट केला की मी नटावर आणि पट्टीवर मिळून मार्करने एक रेघ मारतो. नट फिरला तर रेघ तुटलेली दिसते. हे दिसावं म्हणून प्लायला छोटं झाकण ठेवलंय, आता प्रत्येक घाटानंतर आईच टॉर्च घेऊन बघते. पाऊस थांबलाय वाटतं, गाडी बाहेर उभी आहे, ज्यांना रेलला लोंबकळून बघायचंय त्यांनी या, आई आतच बसली आहे.