‘किती शांत गाव!’

मंडळी, नाशिकच्या वाइनबद्दल आता कुणाला नव्यानं सांगायला नको. शनिवारी मुंबई-पुण्याच्या गाड्या गंगापूर धरणाच्या बाजूला वळतात, टेस्टिंग होतं, फोटो होतात आणि रविवारी संध्याकाळी कसारा घाटात गाड्यांची रांग लागते. मला बोलायचंय ते त्याच्या पुढच्या रस्त्याविषयी.

फेब्रुवारीत दिंडोरी तालुक्यातल्या एखाद्या गावात भर दुपारी उतरा. पारावर दोन म्हातारे, एक अर्धवट शटर ओढलेलं किराणा दुकान, बाकी चिटपाखरू नाही. पाहुणा हमखास म्हणतो, ‘किती शांत!’ अहो, शांत कसलं? गाव बागेत आहे! पहाटेपासून खुडा चाललाय. वाइनची द्राक्षं ऊन चढायच्या आत उतरवलेली बरी, म्हणून बायका अंधार सरायच्या आधीच कैची घेऊन ओळीत उभ्या असतात. त्यातल्या कितीतरी पेठ-सुरगाण्याकडून आलेल्या. बिऱ्हाड तिथंच, बागेच्या कडेला.

घड हातात घेऊन बघा. म्हणजे, मालकाला विचारून. खायच्या थॉम्पसन जातीसारखा लांबट, टपोरा मणी इथं नाही. शिराझ या वाइनच्या जातीचा मणी बारका, काळाभोर, जाड सालीचा, आत बिया. लोकांना वाटतं, वाइनची द्राक्षं आंबट असणार. उलट आहे! खायची द्राक्षं साधारण 16 ते 18 ब्रिक्सला (ब्रिक्स म्हणजे रसातल्या साखरेचं माप) बाजारात जातात, ही 22च्या पुढं नेतात. ती साखरच पुढं आंबते आणि तिचं अल्कोहोल होतं.

युरोपात थंडीत वेल आपोआप झोपते. आपल्याकडं ती झोपतच नाही, म्हणून तिला वर्षातून दोनदा छाटावं लागतं: एप्रिलच्या सुमारास नव्या काड्यांसाठी खरड छाटणी आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये फळासाठी गोडी छाटणी. पीक मात्र एकच. त्यामुळं इथलं कॅलेंडर वेगळं. दोन बागायतदार भेटले की तारीख कुणी विचारत नाही. ‘प्लॉट कितव्या दिवसाचा?’ असं विचारतात. छाटणीपासूनचे दिवस. साठाव्या दिवशी पाऊस झाला तर काय आणि शंभराव्या दिवशी झाला तर काय, हे त्या एका आकड्यावरून समोरच्याला कळतं. निफाडकडं पारा फारच उतरला की रात्री बागांमध्ये शेकोट्या पेटवतात. त्या रात्री गावात झोप कुणाला लागते?

फवारणीचीही एक गंमत आहे. मोरचूद आणि चुना एकत्र केलेलं बोर्डो मिश्रण फ्रान्समधल्या बोर्डो भागातलं. तिथले लोक रस्त्याकडेच्या वेलींवर ते मारायचे, का, तर येणाऱ्या-जाणाऱ्यांनी द्राक्षं चोरू नयेत! त्या वेलींवर केवडा हा रोग कमी येतो, हे मिलार्दे नावाच्या शास्त्रज्ञाच्या लक्षात आलं आणि 1885 साली त्यानं ते जाहीर केलं. आज दिंडोरीतल्या पोराला मिलार्दे माहीत नसेल, बोर्डोचं प्रमाण मात्र तोंडपाठ असतं.

या गावांत तुम्हाला गळ्यात तुळशीची माळ आणि बागेत शिराझ असा माणूसही भेटेल. वाइन त्यानं चाखलेली नसते. त्याचा हिशेब करारातल्या दराशी. खायच्या द्राक्षांसारखी रोज व्यापाऱ्याची वाट बघावी लागत नाही, हा फायदा. पण वायनरीनं माल उचलला नाही तर तो बाजारात कोण घेणार? 2008 नंतरच्या मंदीत अनेकांनी वाइनच्या बागा मुळासकट काढून टाकल्या. राज्याचं वाइन धोरण आलं 2001 मध्ये. तेव्हाच्या उत्साहात लावलेल्या वेली होत्या त्या. टेस्टिंग रूममधला गाईड हे सांगत नाही. त्याचं ते कामही नाही म्हणा.

जायचं असेल तर सकाळी फवारणीच्या ब्लोअरचा आवाज येत असलेल्या बागेत शिरू नका, औषध अंगावर येतं. आणि मला विचाराल तर फेब्रुवारीपेक्षा मार्चअखेर जा. माल उतरलेला असतो, खरड छाटणी व्हायची असते, बागेला विश्रांती दिलेली असते. बघायला घड नाहीत, ऊन मरणाचं. पण शेतकऱ्याला बोलायला वेळ असतो, आणि भाव काय पडला तेही तोवर त्याला कळलेलं असतं.