दाण्यातली ओल : मुंबईतल्या प्लँट मॅनेजरचा पावसाळा

(दृश्य : मरोळ एमआयडीसी, अंधेरी पूर्व. पाऊस. सकाळची शिफ्ट गेटमधून आत येते आहे.)

जुलै महिना. छत्र्या झटकत फर्स्ट शिफ्ट आत येते, तेव्हा इंजेक्शन मोल्डिंगची, म्हणजे प्लास्टिकचे दाणे वितळवून साच्यात दाबून भरणारी मशीनं रात्रभर चालूच असतात. वायरिंगचे कनेक्टर, स्विचबोर्डचे भाग, दिव्यांची कव्हरं असा माल इथून बाहेर पडतो.

प्लँट मॅनेजरची फेरी केबिनमधून नाही, लाल क्रेटपासून सुरू होते. लाल क्रेट म्हणजे रिजेक्शन. रजिस्टरमध्ये आकडा मिळतो, क्रेटमध्ये कारण मिळतं. रात्रीचे पंचवीस-तीस तुकडे हातात घेऊन, ट्यूबलाइटखाली तिरके धरून बघावे लागतात.

(दृश्य : नायलॉनचा तुकडा, अगदी जवळून. गेटपासून, म्हणजे वितळलेला माल साच्यात शिरतो त्या तोंडापासून, पसरलेल्या चंदेरी रेघा.)

या रेघांना शॉपफ्लोअरवर नुसतं ‘सिल्व्हर’ म्हणतात. त्या मशीनवर दिसतात, पण घडतात त्याच्या कितीतरी तास आधी, दाण्याच्या गोणीत. नायलॉन हवेतली ओल ओढून घेतं. बॅरलमध्ये, म्हणजे मशीनच्या तापत्या नळीत, अडीचशे अंशांच्या आसपास तापलं की त्या ओलीची वाफ होते आणि ती वितळलेल्या मालाबरोबर साच्यात शिरते. ऑपरेटर इंजेक्शनचा वेग थोडा कमी करतो, रेघा पुसट होतात आणि माल पास होतो. दुखणं मात्र तसंच राहतं. पॉलिकार्बोनेटमध्ये तर ओलीमुळे रेणूंच्या साखळ्याच तुटतात. कव्हर दिसायला चकचकीत, आणि स्क्रू आवळताना तडकतं.

म्हणून रेघ दिसली की मॅनेजरने पॅनेलवरचे आकडे सोडून आधी दाणा वाळवणाऱ्या ड्रायरकडे जायला हवं.

नायलॉन 6 ला साधारण 80 अंशांवर चार ते सहा तास लागतात आणि ओल 0.2 टक्क्यांच्या खाली यावी लागते. पॉलिकार्बोनेटला 120 अंश, तीन-चार तास आणि 0.02 टक्के, म्हणजे दहापट कडक हिशेब. मुंबईच्या पावसाळ्यात अडचण अशी की साधा हॉट एअर ड्रायर बाहेरचीच हवा तापवून दाण्यातून सोडतो. हवा 28 अंश आणि आर्द्रता 88 टक्के असेल, तर तिचा दवबिंदू, म्हणजे ज्या तापमानाला हवेतलं पाणी थेंब होऊन जमायला लागतं ते, जवळपास 26 अंश असतो. हवा तापवली म्हणून तिच्यातलं पाणी जात नाही. डिसेंबरात ज्या ड्रायरवर काम भागतं, तोच जुलैत कमी पडतो, तो यामुळे.

तिथे डीह्युमिडिफाइंग ड्रायर लागतो. त्यातला शोषक हवेतलं पाणी काढून घेतो आणि दवबिंदू उणे 30 ते उणे 40 अंशांपर्यंत खाली आणतो. पण शोषक पुन्हा कोरडा करणारा हीटर जळला किंवा फिल्टर धुळीने बसला, तरी डिस्प्लेवर 80 च दिसतं. तापमानाचा आकडा बरोबर, हवा मात्र ओली. दवबिंदूचा मीटर नसलेला असा ड्रायर घेऊ नये, हे आमचं स्पष्ट मत आहे. मीटर नसेल, तर निदान बॅरलमधला थोडा माल पत्र्यावर काढून बघावा. ओला माल पातळ असतो, फसफसतो आणि त्यात बुडबुडे दिसतात.

दुसरी चूक हॉपरची, म्हणजे दाणा वाळत पडतो त्या भांड्याची. एका शॉटचं, म्हणजे साचा एकदा भरायला लागणाऱ्या मालाचं वजन रनर (साच्यातल्या वाटेत गोठलेला जादा माल) धरून 60 ग्रॅम आणि सायकल 30 सेकंदांची असेल, तर तासाला 120 शॉट होतात, म्हणजे 7.2 किलो दाणा. चार तास वाळवायचं तर हॉपरमध्ये सतत 29 किलोच्या आसपास माल हवा. रात्री मदतनीस हॉपर निम्मा रिकामा होऊ देतो आणि मग 25 किलोची अख्खी गोणी ओततो. खाली दोन तासांचाच माल उरलेला असतो, त्यामुळे ओतलेला दाणा जेमतेम दोन तास वाळून बॅरलमध्ये उतरायला लागतो. पहाटेच्या मालात रेघा येतात त्या अशा. हॉपरवर आतली पातळी दिसेल अशी काच असावी, तिच्यावर लाल पट्टी मारावी, आणि पातळी पट्टीखाली गेली की थोडा थोडा दाणा भरावा. उघडलेल्या गोणीचं तोंड लगेच बांधावं. रनरचा भरडाही उघडा पडून राहिला तर तितकीच ओल धरतो.

(दृश्य : साच्याच्या स्टीलवर जमलेले पाण्याचे थेंब.)

पॉलिप्रॉपिलीनला वाळवायची गरज नसते. त्याचा पावसाळी त्रास वेगळा. सायकल लवकर संपावी म्हणून साच्यातून चिलरचं, म्हणजे पाणी गार करणाऱ्या यंत्राचं, 10-12 अंशांचं पाणी फिरवतात. दवबिंदू 26 आणि स्टील त्याहून कितीतरी थंड, मग साच्याला घाम फुटतो. मालावर पाण्याचे डाग येतात, आणि त्याहून वाईट म्हणजे लाखो रुपयांच्या साच्याला गंज धरतो. पाणी 18-20 अंशांवर नेलं की घाम कमी होतो, पूर्ण थांबत नाही, आणि सायकल लांबते. हा सौदा समजून करायचा असतो. मशीन बंद करताना तर आधी चिलरचं पाणी बंद करायचं, दहा-पंधरा मिनिटं शॉट चालू ठेवून साचा कोमट होऊ द्यायचा, मग पुसून गंजरोधक स्प्रे मारायचा. हा क्रम उलटा झाला, तर सोमवारी सकाळी फिटर पॉलिश पेपर घेऊन बसलेला दिसतो.

त्या सौद्याची किंमत ओईईमध्ये, म्हणजे मशीनचा वेळ, वेग आणि चांगला माल यांच्या टक्क्यांच्या गुणाकारात दिसते. आठ तासांच्या शिफ्टमधून जेवणाची अर्ध्या तासाची सुट्टी वजा केली की 450 मिनिटं उरतात. साचा बदलायला 50 मिनिटं गेली, हीटर जळाला त्यात 20. मशीन चाललं 380 मिनिटं, म्हणजे 84.4 टक्के. 30 सेकंदांच्या सायकलने 760 शॉट व्हायला हवे होते, झाले 690, म्हणजे 90.8 टक्के. त्यातले चांगले 662, म्हणजे 95.9 टक्के. तिन्हींचा गुणाकार साडेत्र्याहत्तर टक्क्यांच्या आसपास. मधला आकडा नीट बघा. 760 चे 690 झाले, म्हणजे सायकल 33 सेकंदांवर गेली. कोमट पाण्याचे ते तीन सेकंद. यासाठी ऑपरेटरला बोल लावणं हा अन्याय आहे. सायकलमधला निम्म्याहून जास्त वेळ कूलिंगचाच असतो.

50 मिनिटं मात्र नक्की कमी करता येतात. जुना साचा चालू असतानाच पुढचा साचा चेन ब्लॉकखाली आणून ठेवायचा, क्लॅम्प, बोल्ट आणि पाना ट्रॉलीवर मांडायचे, पाण्याच्या पाइपांना क्विक कपलर लावायचे, दाणा आधीच तयार ठेवायचा. मशीन थांबल्यावर पाना शोधायला जाण्यात गेलेला वेळ हा सगळ्यात महाग वेळ.

(दृश्य : सेफ्टी डोअर सरकतं, साचा धरणारी प्लॅटन जागीच थांबते.)

फेरीत एक तपासणी कधीच चुकू नये. साचा बंद होत असताना सेफ्टी डोअर उघडायचं. मशीन त्याच क्षणी थांबलं पाहिजे. विजेचा, हायड्रॉलिकचा आणि आडव्या दांड्याचा, असे अडवणारे बंदोबस्त एकापेक्षा जास्त असतात, कारण मधे माणसाचा हात असतो. उत्पादन वाढवायला कुणी लिमिट स्विच तारेने बांधलेला आढळला, तर मशीन बंद. ऑर्डर कितीही तातडीची असो. 1948 च्या कारखाने अधिनियमाने कारखान्याच्या व्यवस्थापकाचं नाव सरकारदरबारी नोंदवायला लावलं, ते अशाच जबाबदारीसाठी.

माणसांचा हिशेबही पावसाळ्यातच जुळवावा लागतो. गौरी-गणपतीला कोकणातले सेटर (साचा लावणारे) गावी जाणार, छठपूजेला उत्तरेकडचे ऑपरेटर. “साहेब, गणपतीला नाही थांबणार,” हे जूनमध्येच ऐकून रजेच्या तक्त्यावर लिहून घेतलं, तर सप्टेंबरात कुणाची मनधरणी करावी लागत नाही. प्रत्येक साचा लावू शकणारे किमान दोन जण हवेत. जास्त थांबलेल्यांना ओव्हरटाइम दुप्पट दराने द्यायचा असतो, आणि तो पगाराबरोबरच हातात पडला पाहिजे.

(दृश्य : रुळांवर पाणी. स्टेशनवर थांबलेली लोकल.)

26 जुलै 2005 ला सांताक्रूझला 24 तासांत 944 मिलिमीटर पाऊस झाला. तेवढा रोज पडत नाही, पण लोकल दरवर्षी कधी ना कधी थांबते. सेकंड शिफ्ट कुर्ल्याला अडकते, फर्स्ट शिफ्टला घरी जाता येत नाही आणि गेटपाशी पाणी चढत असतं. सगळी मशीनं एकदम बंद करायची नाहीत. आधी पीव्हीसीचं. ते गरम बॅरलमध्ये पडून राहिलं तर जळतं आणि हायड्रोक्लोरिक आम्लाचा वायू सोडतं. तो बॅरलमध्ये फिरून माल पुढे ढकलणाऱ्या स्क्रूलाही खातो आणि माणसाच्या छातीलाही. मग अॅसिटल या प्लास्टिकचं. दोन्ही बॅरल पॉलिप्रॉपिलीनने स्वच्छ काढायचे. पीव्हीसी आणि अॅसिटल एका बॅरलमध्ये कधीच मिसळू द्यायचे नाहीत. मिसळले तर झपाट्याने विघटन होऊन गॅसचा दाब वाढतो आणि वितळलेला माल नोझलमधून उडतो. नायलॉन आणि पॉलिप्रॉपिलीन शेवटी. हॉपरची सरकपट्टी बंद, बॅरल रिकामा, स्क्रू पुढे, साचा दाब न देता नुसता मिटलेला. दाण्याच्या गोण्या पॅलेटवरून वरच्या मजल्यावर. आणि पाणी पॅनेलपर्यंत पोचायच्या आत मेन स्विच खाली.

पाणी ओसरल्यावर घाई करायची नाही. मोटर आणि हीटरचं इन्सुलेशन इलेक्ट्रिशियनने मेगरने तपासून सही केल्याशिवाय वीज सोडायची नाही. हीटर ठरलेल्या तापमानाला पोचले, तरी अर्धा तास स्क्रू फिरवायचा नाही. आतला माल अजून घट्ट असतो आणि स्क्रूच मोडतो. नायलॉनचा हॉपर रिकामा करून पुन्हा पूर्ण वेळ वाळवायचा. सुरुवातीचे शॉट सरळ लाल क्रेटमध्ये टाकायचे. माप आणि वजन जुळलेल्या पहिल्या तुकड्यावर क्वालिटीची सही झाली, की मग पॅकिंगच्या मावशींपुढे माल सोडायचा.