गुरुजींची वही

व्हिडिओतला हा आवाज देवळाच्या भोंग्याचा आहे. २७ ऑगस्ट २०२४, बडोद्यात पूर, लाईट गेलेली, भोंगा बॅटरीवर. आदल्या रात्री याच माईकवर गोकुळाष्टमीचं कीर्तन झालं आणि आता गुरुजी ओरडून सांगतायत, तळमजल्यावरचे सगळे वर जा, मोटर बंद करा, मगर दिसली तर मोबाईल काढू नका, आधी गेट लावा!

पावागढातून येणारी विश्वामित्री नदी, धोक्याची खूण २५ फूट, त्या वेळी ती ३५ च्या पुढे गेली.

आता ही वही बघा. लाल कापडी पुठ्ठा, दोन प्लॅस्टिकच्या पिशव्यांत गुंडाळलेली. कुणाची वास्तुशांत कधी, कुणाचा सत्यनारायण कधी, गोत्र, पत्ता, सगळं बारीक अक्षरात. आणि श्राद्धाच्या तिथ्या. त्याच कामाला आल्या, कारण श्राद्ध कुणाचं करायचं हे माहीत असलं की त्या घरात मागे एकटं कोण राहिलंय तेही माहीत असतं, म्हणून पोरांनी टायरच्या ट्यूबा घेऊन कुठलं दार आधी वाजवायचं हे गुरुजींनी वही बघून सांगितलं, सरकारी यादी येईपर्यंत थांबले नाहीत.

तशी बडोद्याला पुरोहिताकडून जास्त अपेक्षा ठेवायची सवय जुनीच. सयाजीराव महाराजांनी १९१५ मध्ये कायदाच केला होता, परीक्षा पास झाल्याशिवाय पौरोहित्य करायचं नाही. गुरुजी हसतात, म्हणतात, "त्या परीक्षेत पोहणं नव्हतं हो."

या मोठ्या देगा मशिदीतल्या. इमामसाहेबांचा फोन आला, तांदूळ आहे, भांडी आहेत, तुमच्याकडे डाळ आहे का? डाळ होती. खिचडी देवळाच्या ओट्यावर शिजली, फोडणी कुणी घालायची यावर थोडा वाद झाला, तो शूट केलेला नाही.

भाड्याने राहणारी मुलं वहीत नव्हती, त्यांनी कधी पूजाच घातली नव्हती, ती दुसऱ्या दिवशी गच्चीवर सापडली, ठीक होती. बाकी नुकसान, गाद्या, फ्रिज, चिखल, रस्त्यावर दिसतंयच.

७ सप्टेंबरला गणपती बसले. गुरुजी प्रतिष्ठापनेला निघालेत, काखेत नवी वही. नाव, गोत्र, पत्ता, आणि शेजारी एक रकाना जास्त आखलाय: मजला.